कोयत्याच्या पोटातलं नाव

भैरू लोहारांना भरबाजारात तुडवलं, तेव्हा त्यांच्या सुनेच्या, वनिताच्या हातावरची लग्नातली मेंदी अजून पुरती उतरली नव्हती. ऊसतोडीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. एका फडात कोयत्याचं पातं मधोमध मोडलं, उडालं आणि शेजारच्या बाईच्या गळ्यात घुसलं. बाई जागच्या जागी गेली. पात्यावर शिक्का होता, 'भैरू'. तिचे भाऊबंद ट्रॅक्टर भरून तरडफाट्यावर आले, म्हाताऱ्याला दुकानातून ओढून काढलं आणि आधी उसाच्या दांडक्यांनी, मग लाथांनी मारलं. "ह्यो माझा न्हाई रं, पातं हातात तरी घेऊन बघा," असं ते सांगत राहिले. बघायला कुणाला वेळ होता?

पुढे पोलिसांना कळलं, की 'भैरू' शिक्क्याचे नकली कोयते कुठल्याशा कारखान्यातून पोत्यांनी येत होते. कळून उपयोग काय? भैरूआबांचा डावा डोळा गेला तो गेलाच, आणि उजव्या हाताची मूठ नंतर कधी वळली नाही. माफी मागायला एक माणूस फिरकला नाही. वनिताच्या मनात त्या दिवशी जो राग बसला, तो तिनं इतकी वर्षं जपून ठेवला होता. तिनं वकील गाठले, 'भैरू' नावाचा ट्रेडमार्क स्वतःच्या नावानं नोंदवला. वकील म्हणाले, आता कुणी हा शिक्का मारला तर खटला भरा. कुणी म्हणजे कोण, ते शोधायचं कसं, हे मात्र त्यांना सांगता येईना. शिक्का काय, कुणीही पाडून घेतो आणि कुणीही मारतो.

मग ते दाणे आले.

छोट्या धंदेवाल्यांची नावं राखायला एका कंपनीनं हे दाणे बनवले होते. चिनीमातीच्या जातीचे, पिठाहून बारीक. प्रत्येक दाण्यात निरनिराळ्या क्षारांचे थर एकावर एक बसवलेले. ठरावीक प्रकाश मारला की प्रत्येक थर आपापल्या रंगानं चमकतो, आणि रंगांचा क्रम म्हणजेच त्या वस्तूची ओळख. एका पुडीतल्या दाण्यांचा क्रम जगातल्या दुसऱ्या पुडीत सापडायचा नाही. लोखंड ज्या आचेवर मेणासारखं मऊ होतं, त्या आचेत या दाण्यांचा केसही वाकडा होत नाही. कोयत्याच्या लोखंडाला धारेचं पोलाद जोडताना लोहार जोडावर टाकणखार भुरभुरवतात. त्या टाकणखारातच एका कोयत्याला एक पुडी मिसळायची, आणि विकताना गिऱ्हाइकाचं नाव त्या पुडीशी जोडून टाकायचं. झालं. फाट्यावरचे लोहार या राखाडी पुडीला भस्म म्हणू लागले.

नकली कोयते दोन हंगामांत बाजारातून नाहीसे झाले. ज्यात भस्म नाही तो भैरू नाही, हे मुकादमांपासून तोडणीवाल्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं. फाट्यावरची सगळी लोहारांची घरं वनिताच्या नावाखाली काम करू लागली. तिचा नवरा सुदाम घण घालताना गाणं म्हणू लागला, आणि सुदामचा आवाज काही ऐकण्यासारखा नव्हता, पण त्याला गप्प करावं असं कुणाला वाटलं नाही.

पण धार झिजते म्हणजे ती जाते कुठं, हा विचार दाणे बनवणाऱ्यांनी केला नव्हता. ती जाते उसात, लाकडात, आणि कोयता माणसावर पडला तर हाडात. शवविच्छेदन करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंना जखमेत हे दाणे सापडले आणि एका खुनाचा निकाल तिथल्या तिथं लागला. मग प्रत्येक फौजदाराच्या पट्ट्याला एक वाचक यंत्र लटकू लागलं. लोक त्याला डोळा म्हणत. रसात, पाण्यात दाणे विखरून जातात, पण रक्ताच्या गुठळीत ते अडकून बसतात. म्हणून डोळा जखमेतलं वाचील तेच खरं, असं कायद्यानं ठरवलं. जखमेवर धरायचा, आणि तो कोयत्याची मुद्रा, म्हणजे घराणं, व मालक मोठ्यानं सांगायचा. कोयते घेऊन फिरणारी टोळकी भैरूच्या वाऱ्याला उभी राहीनात. वनिताला या सगळ्याचा अभिमान होता. आपल्या नावानं आता माणसं मरत नाहीत, उलट मारणारे सापडतात, असं ती पाहुण्यांना सांगायची.

मार्गशीर्षात धुमाळांच्या उसात प्रतीक धुमाळ सापडला. पोरगं तिशीच्या आतलं. मानेवर घाव, खांद्यावर घाव, आणि वार अडवायला पुढे केलेल्या हाताची बोटं सरीत इकडेतिकडे पडलेली. फौजदार शेवाळेबाईंनी मानेवरच्या जखमेला डोळा लावला. डोळा म्हणाला, मुद्रा भैरू, मालक अंगद खाडे.

अंगद बीडकडचा तोडणीवाला. आठवड्यापूर्वीच प्रतीकनं त्याला फडात सगळ्यांसमोर कानाखाली मारली होती, हेही गावाला ठाऊक होतं. आणखी काय हवं? पोलिसांनी त्याला त्याच्या पाचटाच्या कोपीतून उचललं. ते गेल्यावर प्रतीकच्या थोरल्या भावाची, बाजीरावची माणसं आली आणि त्यांनी कोपी पेटवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगदची बायको द्वारका वनिताच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. तिचा ओठ फाटला होता आणि एका बाजूचे केस जळून गेले होते.

"ताई, तुमी तरी खरं बोला," ती म्हणाली. "पोलीस म्हणतेत, तुझ्या नवऱ्याच्या नावावर दोन कोयते. एक घरात गावला, दुसरा कुठंय? आवो, दुसरा तर खंडेनवमीला तुमच्यापाशी दिला ना! जुना देऊन नवा नेला. तुमीच हातात घेतला व्हता."

वनिताला ते लख्ख आठवत होतं. तिनं तो हातात घेतला होता. नुसता घेतला नव्हता, पुढे काय झालं तेही तिला ठाऊक होतं.

फाट्यावरच्या लोहारांची एक जुनी रीत. राबून झिजलेला कोयता भंगारात घालायचा नाही. त्याच्या धारेचं पोलाद काढून नव्या कोयत्याच्या पोटात घालायचं. राबलेलं पोलाद दगा देत नाही, असं आबा म्हणायचे, आणि ते खरंही होतं, भैरूचा कोयता त्यामुळेच तर भैरूचा होता. कंपनीचा नियम वेगळा. जुना कोयता परत आला की तो कंपनीला पाठवून द्यायचा, तेव्हाच त्यावरचं नाव रद्द होणार. घरचं लोखंड परक्याच्या हवाली करायला सुदामच काय, फाट्यावरचा एकही लोहार तयार नव्हता. वनितानंही डोळेझाक केली. नाव राहिलं तर राहिलं, त्यानं काय बिघडतं?

बिघडलं ते असं. नव्या पुडीचे दाणे जोडाच्या शिवणीत. धार मात्र पोटातल्या जुन्या पोलादाची. विकण्याआधी सहाणेवर चार वेळा घासलं की आधी सुटणार ते जुने दाणे, जुन्या मालकाचे. पात्यावर डोळा धरला तर नवं नाव, जखमेत धरला तर जुनं. कुठलं जुनं पोलाद कुठल्या कोयत्यात गेलं, हे वनिताला पाठ होतं, कारण ते निवडून भट्टीपाशी ठेवायचं काम तिचंच. अंगदचं पोलाद कुणाच्या कोयत्यात गेलं आणि तो कोयता तिनं कुणाच्या हातात दिला, हे आठवायला तिला क्षणभरही लागला नाही.

तिनं द्वारकेला पाणी दिलं, आत बसवलं आणि ती भट्टीपाशी गेली.

"आवं, पोलिसांनी तुम्हाला विचारलं व्हतं का, अंगदचा जुना कोयता आला का म्हणून?"

सुदामनं भात्याचं बटण बंद केलं. "विचारलं."

"मग?"

"म्हनलं, ध्येनात न्हाई."

"ध्येनात न्हाई? त्याच्या देखत पोलाद सोडवलंत तुम्ही!"

"हळू बोल." सुदामनं दाराकडे पाहिलं. "काय सांगू त्यांला? आमच्या कोयत्यात एकाचं नाव वर आन् दुसऱ्याचं पोटात असतंय? त्याच दिवशी मुद्रा रद्द करत्याल. म्होरल्या हंगामात पुन्हा नकली पाती, पुन्हा कुणाचातरी गळा, आन् पुन्हा कुणीतरी मला त्या दारातनं ओढून काढील. आबांचं झालं तसं. ते पायजे तुला?"

"म्हणून अंगद मरू द्यायचा?"

"कोर्ट हाय. सुटंल."

"डोळ्यानं सांगितल्यावर आजवर कोण सुटलंय?"

सुदामनं भात्याचं बटण पुन्हा दाबलं. ती वळली तसा त्यानं तिचा दंड धरला. तिनं झटकला, तर त्यानं तिच्या कानशिलात मारली. इतक्या वर्षांत त्यानं तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. तिचं डोकं ऐरणीच्या ठोकळ्यावर आपटलं आणि कानात भोंगा वाजावा तसा आवाज सुरू झाला. सुदाम स्वतःच्या हाताकडे बघत उभा राहिला. वनिताला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी त्याची कीवही आली. कारण तो जे बोलला, ते सगळं गेल्या वर्षी तिनंच त्याला पढवलं असतं.

त्याच वेळी बाहेर जीप थांबली.

खुनाच्या प्रकरणात मुद्रा आपलीच आहे, अशी साक्ष नावाच्या मालकानं आरोपीसमोर द्यावी, असा कायदा होता. वनितानं अशी साक्ष पूर्वीही दिली होती. त्यासाठी शेवाळेबाई अंगदला घेऊन आल्या होत्या. पण जीपच्या मागून धुमाळांच्या माणसांच्या मोटारसायकली आल्या आणि त्यामागून ट्रॅक्टर. शेवाळेबाई खाली उतरेपर्यंत दोन टायर कोयत्यांनी फाडले गेले. हवालदार आडवा आला, त्याच्या तोंडावर दगड बसला आणि तो दात थुंकत खाली बसला. अंगदला त्यांनी बेड्यांसकट मागच्या दारातून ओढलं. त्याचा एक कान अर्धा लोंबत होता. कुणी कापला हेही कळलं नाही.

"मागं व्हा! गोळी घालीन!" शेवाळेबाईंनी पिस्तूल काढलं.

"घाला की," बाजीराव धुमाळ म्हणाला. त्याच्या शर्टावर सकाळच्या राखेचे डाग होते. भावाला अग्नी देऊन तो तसाच आला होता. "मॅडम, आमी कायदा मोडत न्हाई. साक्ष व्हऊ द्या. ही बाई हो म्हनली, की म्होरचं आमी बघतो. ह्येच्या बोटांपास्नं सुरू करतो."

अंगदला गुडघ्यांवर बसवलं होतं. दोघांनी त्याचे हात जीपच्या बोनेटवर दाबून धरले होते. द्वारका किंचाळत धावली, तिला कुणीतरी पोटात लाथ घातली. ती पायरीवर कोसळली.

"वनिता लोहार," शेवाळेबाई गर्दीवरची नजर न हटवता म्हणाल्या, "मुद्रा तुमची का?"

"मुद्रा माझी," वनिता म्हणाली. गर्दी पुढे सरकली. "पन नाव खोटं हाय."

"ए, गप!" कुणीतरी ओरडलं. "डोळा खोटं बोलत न्हाई!"

तिनं सांगायचा प्रयत्न केला. जुनं पोलाद, पोट, शिवण. ऐकायला कुणाला वेळ होता? तिचे शब्द बाजीरावच्या पलीकडे, पहिल्या रांगेपर्यंतही पोचेनात. बाजीरावनं अंगदच्या करंगळीवर कोयत्याची धार टेकवली.

वनिता दुकानात शिरली. खुंट्यांवर नवे कोयते टांगलेले होते. तिनं हात पुढे केला तो नेमक्या एकाकडे, दाराजवळच्या दुसऱ्या खुंटीवरच्या. सुदामनं ते पाहिलं आणि तो ओरडला, "वनिता, नको!" ती बाहेर आली होती.

"मॅडम, ह्या पात्यावर डोळा धरा."

शेवाळेबाईंनी एका हातानं पिस्तूल रोखून दुसऱ्या हातानं डोळा धरला. डोळा बोलला, "मुद्रा भैरू. विक्री नाही. मालक नाही."

"ऐकलं समद्यांनी? मालक न्हाई. हा कोयता दुकानाबाहेर पयल्यांदाच आलाय."

आणि तिनं डाव्या हाताचा पंजा वर धरून मनगटाखाली कोयता ओढला. एकदाच, पण सगळा जोर लावून. भैरूची धार ती. कातडी उघडली, खालची चरबी पांढरी दिसली आणि मग रक्त आलं ते कोपरापर्यंत. तरी तिनं हात खाली येऊ दिला नाही.

"आता धरा."

शेवाळेबाईंनी डोळा जवळ आणला. डोळ्याचा निळा प्रकाश जखमेवर पडला. गर्दी गप्प झाली. यंत्र बोलत असताना गप्प राहायची सगळ्यांना सवयच होती.

"मुद्रा भैरू," डोळा म्हणाला. "मालक बाजीराव धुमाळ."

खंडेनवमीला धुमाळांच्या शेतावरचे जुने कोयतेही बदलायला आले होते. त्यातल्या एकाचं पोलाद या कोयत्याच्या पोटात होतं. पण हे सांगायला वनिताला अवधीच मिळाला नाही. गर्दीच्या मागून एक आवाज आला, "बाजीराव?" मग दुसरा, "दोघा भावांत वाटणीचं चाललंच व्हतं की." अंगदचे हात धरणाऱ्या दोघांनी ते सोडले आणि बाजीरावकडे पाहिलं. आत्ता, इथं, त्यांच्या डोळ्यांदेखत बाईनं स्वतःचा हात कापला होता. ते त्यांनी पाहिलं होतं. पण डोळ्यानं नाव घेतलं होतं ना! कुणीतरी मागून बाजीरावच्या पाठीत दांडकं घातलं. तो अडखळला. समोरच्या एकानं कोयता वर उचलला.

"आरं, येड लागलं का तुमाला?" बाजीराव किंचाळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तिनं तुमच्या म्होरं कापून घेतलं! मी हितं उभा हाय! मशीन खोटं बोलतंय, खोटं हाय ते!"

"पुन्हा बोला," शेवाळेबाई म्हणाल्या.

"खोटं हाय म्हनतो न्हवं!"

"मग अंगदचं नाव खरं कसं?"

बाजीरावच्या हातातला कोयता खाली आला. कोपी जाळणारे, लाथ घालणारे, कान कापणारे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. अंगद बोनेटवर कपाळ टेकून ओक्साबोक्शी रडत होता.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण जुन्या पोलादाचं तिचं मघाचं बोलणं बाजीरावला आता उमगलं. त्यानं मान वर केली, आणि त्याच्या डोळ्यांत पुन्हा तोच सूड आला.

"मग अंगदचं पोलाद कुनाच्या कोयत्यात घातलंस?" तो वनितापुढे आला. "तुला ठावं हाय. तुला समदं ठावं असतंय. नाव सांग."

"नाव सांग!" गर्दी म्हणाली. तीच माणसं, तोच आवाज.

वनिताला नाव ठाऊक होतं. तो माणूस या गर्दीत होता की नव्हता, हे तिनं पाहिलं नाही. तिनं नजर आपल्या पायांजवळ साचलेल्या रक्तावर गाडून ठेवली, कारण ती जिथं बघेल तिथं कोयते पडणार होते. आणि तो कोयता त्यानंच चालवला की त्याच्याकडून कुणी नेला, हे तिला तरी कुठं माहीत होतं?

"मॅडमना सांगीन. तुमाला न्हाई."

बाजीरावनं कोयता उगारला. शेवाळेबाईंनी नेम धरला, पण मध्ये वनिता होती. कोयता खाली आला तो घणाच्या दांड्यावर. दांडा तुटला आणि पातं सुदामच्या खांद्यात रुतलं. सुदाम कधी पुढे आला, कुणी पाहिलं नव्हतं. तो गुडघ्यावर आला, पण बाजूला झाला नाही. खांद्यातल्या कोयत्यासकट तो बायकोसमोर पाय रोवून उभा राहिला.

"आमचं नाव गेलं, बाजीराव," तो धापा टाकत म्हणाला. "आता दुसऱ्या कुनाचं हितं मिळायचं न्हाई."

शेवाळेबाईंनी बाजूला सरून गोळी झाडली. ती बाजीरावच्या मांडीत लागली. दुसरी हवेत गेली आणि गर्दी फुटली. मोटारसायकली एकमेकींवर आदळत निघाल्या. बाजीरावची माणसं बाजीरावला तिथंच टाकून पळाली.

थोड्या वेळानं रुग्णवाहिकेची वाट बघत सगळे दुकानाच्या पायरीवर बसले होते. द्वारका पदरानं अंगदचा कान दाबून धरत होती. सुदामच्या खांद्यातून पातं काढायचं नाही, असं हवालदारानं बजावलं होतं. तो भिंतीला टेकून बसला होता आणि चांगल्या हातानं वनिताच्या मनगटावर टॉवेल आवळत होता. तिच्या सुजलेल्या कानशिलाकडे बघायचं मात्र तो टाळत होता.

शेवाळेबाई डोळा हातात घेऊन उभ्या होत्या.

"हे वाचन वर पाठवलं, की तुमची मुद्रा सगळीकडे एकदम रद्द," त्या म्हणाल्या. "आणि मग जुनी सगळी प्रकरणं उघडतील. ज्यांना ज्यांना या मुद्रेवर आत टाकलं, ते सगळे. एकजण त्यातला आता नाही. मोगराळ्याचा मल्हारी. मी नाही मी नाही म्हणत होता, आणि तुरुंगात गळफास लावून घेतला. त्याची साक्ष तुम्हीच दिली होती."

वनिताला तो पोरगा आठवला. साक्षीच्या वेळी तो एकटक तिच्याकडे बघत होता. तेव्हा तिला वाटलं होतं, काय निर्ढावलेला आहे.

"वर अजून कुणी पाहिलं नाही," शेवाळेबाई हळूच म्हणाल्या. "अंगदला मी दुसऱ्या मार्गानंही सोडवू शकते."

वनितानं सुदामकडे पाहिलं. पुढच्या हंगामात काय होणार, हे दोघांनाही दिसत होतं. सुदामनं टॉवेलाला शेवटची गाठ मारली.

"पाठवा," तो म्हणाला.

शेवाळेबाईंनी बटण दाबलं. डोळ्यानं एक बारीक आवाज केला आणि तो विझला.

वनिता भिंतीचा आधार घेत उभी राहिली. तिला घेरी आली, ती जाईपर्यंत ती थांबली.

"त्या मल्हारीची आई हाय का अजून?"

"आहे. मोगराळ्यातच आहे."

"मग तिला बातम्यांतनं कळायला नको," वनिता म्हणाली. "हाताला टाके घातले की मला तिकडं सोडा. मीच सांगते तिला."